बाबांचे एकोणपन्नास तुकडे

धाकट्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदाच दादाला काम दिलं, आणि तेही अट घालून. तिने बाबांचा फोटो दाराएवढा मोठा करून सागाच्या फळीवर छापून घेतला होता. छपाईखालून लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. दादाने फळी कापून त्रिकोण-चौकोन करायचे आणि तिच्या आराखड्याप्रमाणे प्लायवूडवर चिकटवायचे. कान हनुवटीखाली, कपाळ पार कोपऱ्यात.

"बाबा ओळखू येता कामा नयेत," ती म्हणाली. "बघणाऱ्याने शोधावं."

"मग फोटो लावतेस कशाला?"

"दादा, सगळं आराखड्याबरहुकूम झालं, तर प्रदर्शनातल्या कार्डावर माझ्या नावाखाली तुझं नाव."

तीस वर्षांत दादाने दारं, पलंग, कपाटं खंडीभर केली होती. नाव एकावरही नव्हतं.

एकोणपन्नास तुकडे झाले. बहिणीने प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने तिच्या मनाला येईल तसा नंबर टाकला, आराखडा भिंतीला डकवला, आणि 'उद्घाटनाच्या सकाळी येते' म्हणून परगावी गेली.

दादाने एक तुकडा उलटा केला. पाठ खरखरीत होती. बाबाही सुतारच. पाठ घासल्याशिवाय सरस लावणाऱ्याचा ते कान धरत. दादाने पॉलिश पेपर घेऊन एकूण एक पाठ आरशासारखी केली. शेवटचा तुकडा घासताना त्याच्या लक्षात आलं, की भुसा काळपट पडतोय.

"फोन करा तिला," बायको म्हणाली.

"केला की नाव गेलं."

"मग बसा."

तो बसला. आराखडा होता, नंबर नव्हते. राहता राहिल्या रेषा. एका फळीचे तुकडे रेषेला रेष जुळवून लावावेत, हेही बाबांनीच शिकवलेलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून दादा नुसत्या रेषा बघत लावत गेला. इतक्या जवळून फोटो म्हणजे काळे डागच. शेवटी वर वजनं ठेवली आणि मगच तो जेवला.

उद्घाटनाच्या सकाळी चौकट भिंतीवर चढली. बहीण आली आणि बघत राहिली. दादाही पहिल्यांदाच लांबून बघत होता. भिंतीवर बाबा होते. अख्खे. फक्त तोंडाचा चौकोन उलटा बसला होता. तिथल्या रेषा सरळसोट, कसाही लावा, जुळणारच. जन्मभर खाली वळलेले ते ओठ आता वर वळले होते. बाबा हसत होते.

"नंबर घासले गेले," दादा म्हणाला.

"पाठी घासल्यास?"

"न घासता कशा लावू?"

बहीण चौकटीजवळ गेली. म्हणाली, "असे कधी हसले होते का रे?"

"मी सुतारकाम सोडतो म्हणालो होतो, तेव्हा थोडेसे." दादाने खिशातून पटाशी काढली. "तो चौकोन सुलटा करतो. पाच मिनिटं लागतील."

"हात लावायचा नाही."

"बरं. कार्डावर नाव नको घालूस मग. बरहुकूम काही झालेलं नाही."

बहिणीने कार्ड काढलं, स्वतःच्या नावाच्या वर, उरलेल्या जागेत, दादाचं नाव दाटीने लिहिलं आणि परत चौकटीशेजारी लावलं.

"वर?" दादा म्हणाला.

"चूक तुझी आहे," ती म्हणाली. "माझ्या नावावर कशाला खपवू?"

दादाने कार्ड वाचलं, दोनदा वाचलं, आणि ते जरा तिरकं लागलंय म्हणून सरळ करून दिलं.