हातमोज्यांच्या काउंटरमागची खुर्ची

चौकातल्या चार मजली वस्तुभांडाराचं हॉटेल झालं आणि मालकांना एकाएकी इतिहासाचा पुळका आला. तळमजल्यावर जुने काउंटर मांडले, त्यांवर पिवळे दिवे सोडले, उद्घाटन ठरवलं. हातमोजे विकण्यात तिथे जन्म घालवलेल्या आत्याला खास बोलावणं गेलं. गुडघ्यांनी तिची साथ केव्हाच सोडली होती. तरी ती भाचीला घेऊन, काठी टेकत आली.

संस्थापकांचा नातू हात जोडून पुढे झाला. काउंटरमागे एक खुर्ची होती, वर पाटी: ‘विक्रेत्या भगिनींना बसण्यासाठी संस्थापकांनी खुर्च्या दिल्या.’

खुर्ची खरीच होती. सरकारने सक्ती केली तेव्हा आणलेली. तपासनीस बघून गेला, आणि लगेच फर्मान निघालं: जी बसलेली दिसेल तिने घरीच बसावं. संस्थापकांना सगळ्याजणी ‘ताठसाहेब’ म्हणत. खुर्चीच्या बैठकीवरचं पॉलिश अजून नव्यासारखं चकाकत होतं. काउंटरमागच्या लाकडी फळ्या मात्र उभं राहून राहून खोलगट झाल्या होत्या. त्यांवर आता गालिचा होता.

“बसा ना,” नातू म्हणाला. “फोटो पाटीशेजारी लावू. कायमचा!”

भाची कुजबुजली, “बस गं आत्या. पाय लटपटतायत तुझे. एका फोटोने काय बिघडतं?”

“मी बसले की पाटी खरी ठरते. ते बिघडतं.”

“काही म्हणालात?” नातवाने विचारलं.

“म्हटलं, तुमच्या आजोबांनी बसू दिलं नाही. आता तुम्ही कशाला तसदी घेता?”

नातू हसला. अशा घरांत हे हसू लहानपणीच शिकवत असावेत. “आजोबा शिस्तीचे होते हो. पण तुम्ही सगळ्या आमचं कुटुंबच!”

“हो तर. सावत्र लेकी.”

ती खुर्चीशेजारी उभी राहिली. “काढा असाच.” फोटोवाल्याने नातवाकडे पाहिलं, नातवाने नकारार्थी मान हलवली. कॅमेरा खाली गेला.

भाषणं सुरू झाली. पाहुण्यांनी सगळ्या जागा धरल्या. कष्ट, माया, सचोटी; एकेक वक्ता संस्थापकांना आणखी थोडा उंच करत होता, आणि आत्याचे गुडघे खचत होते. रिकामी होती ती एकच, पॉलिशवाली खुर्ची.

शेवटी आत्या संगमरवरी जिन्याकडे निघाली. गिऱ्हाइकांचा जिना तो. नोकरांना मागचा लोखंडी. संगमरवरी जिन्यावर पाऊल टाकणाऱ्या मुलीची सगळ्यांदेखत कानउघाडणी व्हायची. आत्या तिसऱ्या पायरीवर मधोमध बसली, पाय लांब केले, काठी आडवी ठेवली. दगड गार होता. बरं वाटलं.

भाषणं संपली. जेवण वरच्या मजल्यावर होतं. पाहुण्यांना घेऊन नातू जिन्यापाशी आला आणि थबकला.

“बाई, इथे काय? तिकडे खुर्ची आहे ना तुमच्यासाठी!”

“असू दे,” आत्या म्हणाली. “उगाच झिजेल.”

भाची आधी ओशाळली. मग तीही शेजारी टेकली. पाहुणे कठड्याला चिकटून, एकामागून एक वर गेले.