गाझाहून आणलेली कानपिळी

मोताळ्याचे उकंडराव थापा मारतात, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते खरंच सांगत, फक्त सांगताना खऱ्याला थोडं खतपाणी घालत. दोन एकर कापसाची पऱ्हाटी आणि लग्नसराईत वाजवायचं क्लॅरनेट, एवढ्यावर त्यांचा संसार. पण त्यांच्या तोंडून ऐकलं, तर बऱ्हाणपूरच्या कुणा नवाबानं त्यांचं वाजवणं ऐकून भर रस्त्यात बग्गी थांबवली होती. त्या बग्गीचा घोडा दर वेळी वेगळ्या रंगाचा असे. त्यामुळे १९६३ साली त्यांनी पारावर जाहीर केलं की सरकार आपल्याला विमानानं गाझाला नेणार आहे, तेव्हा मंडळींनी माना डोलावल्या आणि कापसाच्या भावाचं बोलणं पुढे चालू केलं.

या वेळी मात्र ते खरं होतं. समुद्रापलीकडे गाझाच्या वाळूत आपल्याकडची पलटण निळ्या टोप्या घालून, दोन भांडखोर देशांच्या मधे शांतता राखत बसली होती. जवानांच्या करमणुकीसाठी मुंबईहून कलापथक निघणार होतं. त्यातल्या क्लॅरनेटवाल्याला ऐन वेळी कावीळ झाली, आणि कुणा साहेबाला खामगावच्या एका लग्नात ऐकलेले उकंडराव आठवले.

गावात यावर विश्वास ठेवला तो एकट्या रुखमाबाईंनी. त्या उकंडरावांच्या शेजारीण, आणि त्यांचा मुलगा इंद्रभान त्याच पलटणीत होता. जवसाच्या चटणीचा डबा घेऊन त्या आल्या आणि ओट्यावर टेकल्या.

"उकंडभाऊ, खरंच जाऊन राह्यले ना तुमी?"

"मंग काय, वहिनी. विमानानं."

"त मंग माह्या पोराले भेटा. अन् शरयूचा रुसवा निघंन असं काही घेऊन या त्याच्यापासून."

रुसव्याची हकिगत सगळ्या गावाला ठाऊक होती. लग्न लागल्यावर नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि त्याबद्दल शेला-पागोटं घ्यायचं, ही आपली रीत. इंद्रभान बहिणीला लहानपणापासून सांगत आला होता, "तुह्या नवऱ्याचा कान असा पिळीन का तो जल्मात तुह्याशी वाकडं बोलनार नाही." वैशाखात लग्न ठरलं, आणि नेमकी तेव्हाच पलटण समुद्रापार गेली. मांडवात भालचंद्रगुरुजींनी वधूच्या भावाला हाक मारली, तेव्हा एक चुलतभाऊ पागोट्याकडे बघत बाह्या सरसावून पुढे आला. शरयू मुंडावळ्यांआडून म्हणाली, "माह्या दादाशिवाय कोनी हात लावाचा नाही." गुरुजींनी पोथीची दोन पानं पुढेमागे केली, उपाय सापडला नाही, आणि ते पुढच्या मंत्राला लागले.

नवरदेव गोपाळराव खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तो न पिळलेला कान घेऊन घरी गेला. कचेरीत त्याचं नाव 'कोऱ्या कानाचा जावई' पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडतही होतं. पण शरयूची ती थट्टा नव्हती. दादानं पलटण धरली आणि बहीण सोडली, हे तिच्या मनानं घेतलं होतं. त्याची सात पत्रं तिनं न फोडता पोस्टमनच्या हातावर परत ठेवली होती.

"मले दोनच लेकरं," रुखमाबाई म्हणाल्या. "माह्या मांगं या दोघाईनं कोनाच्या तोंडाकडं पाहाचं?"

उकंडरावांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

गाझाला तंबूपुढे फळ्यांचा मंच होता. पथकातल्या इतरांनी सिनेमातली गाणी वाजवली, जवानांनी टाळ्या दिल्या. उकंडरावांना लग्नाखेरीज काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी हळदीपासून सुरुवात केली. हळद झाली, वरात झाली. पुढच्या रांगा गप्प होत गेल्या. त्यांची एक खोड होती. मांडवात कान पिळला जायचा त्या क्षणी ते क्लॅरनेटमधून नवरदेवाची किंकाळी काढत, आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. इथं ना नवरदेव होता ना मांडव, पण सवयीनं ती किंकाळी आपल्या जागी आलीच. पलटण खदखदून हसली. तिसऱ्या रांगेतला एक जवान तेवढा हसला नाही, आणि तो इंद्रभान आहे हे उकंडरावांनी वाजवता वाजवताच ओळखलं.

कार्यक्रम संपल्यावर इंद्रभान नुसतीच चटणी बोटानं खात बसला.

"काका, मी रजा मांगतली होती. तीनदा. नाही भेटली. एवढं सांगा तिले."

"सांगीन," उकंडराव म्हणाले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बिनखतपाण्याचं खरं निघालं. "पन बाप्पा, माह्या सांगन्यावर इश्वास कोन ठेवते?"

इंद्रभाननं बोट चाटून पुसलं. "मंग कान इकडं करा."

"काऊन?"

"माही कानपिळी घेऊन जा. जशीच्या तशी नेजा."

त्यानं कान धरला. आधी सावकाश खाली ओढला, मधे क्षणभर थांबला, आणि मग अंगठ्याचा झटका देऊन अर्धा फेरा वर नेला. उकंडरावांच्या गळ्यातून जो सूर निघाला तो क्लॅरनेटवर वाजत नाही.

"ध्यानात राह्यली?"

"मेलो तरी जात नाही आता."

"आनखी एकदा घ्या. इसरसान."

आणखी तीनदा घ्यावी लागली. मग उकंडरावांनी ती एका हवालदाराच्या कानावर म्हणून दाखवली, तेव्हा कुठे इंद्रभानचं समाधान झालं. परतताना विमानात झोपलेल्या तबलजीच्या कानावर त्यांनी एकदा उजळणी केली, आणि मुंबई येईपर्यंत तबलजी त्यांच्याशी बोलला नाही.

गावात स्वागत झालं ते असं: उकंडराव म्हणे महिनाभर मुंबईत साल्याकडे जेवून आले. त्यांनी समुद्रकाठचे शिंपले दाखवले, तर समुद्र मुंबईलाही आहे, असं लोक म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी रुखमाबाईंना घेऊन ते खामगावच्या एसटीत बसले.

शरयूनं चहा दिला. उकंडरावांनी रजेचं सांगितलं, तीनदा मागितली तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"काका, मायनं पढवून आनलं तुमाले. सारं मोताळं सांगते, तुमी मुंबईच्या पुढं गेलेच नाही."

रुखमाबाईंनी मान खाली घातली. उकंडरावांनी कपबशी खाली ठेवली. "जावईबापू, जरा इकडं या."

गोपाळराव कचेरीचा कोट चढवत होता. एक बाही तशीच लोंबत ठेवून तो आला. उकंडरावांनी त्याचा तो आठ महिने जपलेला कोरा कान धरला आणि गाझाहून आणलेली कानपिळी होती तशी पोचती केली.

गोपाळराव ओरडला ते शेजारच्या घरात ऐकू गेलं. "अहो काय हे, आधी खाली ओढता, मग थांबता काय, मग वर..."

"अंगठ्याचा झटका देऊन?" शरयू उठून उभी राहिली होती.

"हो ना."

तिचा हात आपल्याच कानाकडे गेला. "हे तुमाले कोनाले ठाव असन्याचं काही कारन नाही, काका," ती म्हणाली. "लहानपनी माहा कान पिळता पिळता दादा मधात थांबून माह्या डोयात पाह्यचा. पानी आलं, का तसाच सोडून द्याचा."

गोपाळराव कान चोळत तिच्याकडे बघत राहिला. शरयू उकंडरावांच्या पुढ्यात येऊन बसली आणि तिनं केस मागे सारले.

"काका, मले बी एक द्या."

उकंडरावांनी हलक्या हातानं तिचा कान धरला, सावकाश खाली ओढला आणि मधे थांबून तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यांनी तो तसाच सोडून दिला.