आठांतला ॲप्रन

मी एक ॲप्रन बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. कागदोपत्री मी पांढरा. खरं पाहाल तर आता सायीसारखा पिवळट झालोय. उजव्या बाहीवर ॲसिडची तीन भोकं आहेत आणि डावा खिसा दोनदा उसवून दोनदा शिवलाय. बावीस वर्षांचं आयुष्य म्हणजे एका ॲप्रनसाठी फार झालं. माझ्या वयाचे बाकीचे कधीच फरशी पुसायला गेले.

हिंगणघाटला नत्थूजी टेलरांनी मला शिवलं. कापड घेऊन आल्या होत्या कमलाबाई. त्या जिनिंगमध्ये कामाला जायच्या, केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. त्यांचा मुलगा राकेश सोबत उभा होता. नत्थूजींनी माप घ्यायला टेप काढला तशा त्या म्हणाल्या, "जरा ढिला शिवजा भाऊ, पोरगा अजून वाढून राह्यला." म्हणून मी असा ढगळ. पुढं जे जे मला घालणार होते, त्या सगळ्यांना मी म्हणूनच बसलो.

राकेशला वर्ध्याबाहेरच्या एका विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला होता. संस्था खासगी, एका ट्रस्टची. वर्षाला चाळीसच मुलं घ्यायची, आणि तिथून बाहेर पडलेल्यांना देशभरातल्या मोठ्या प्रयोगशाळा बोलावून घ्यायच्या. संस्थापक बापूरावांनी पहिल्या दिवसापासून एक नियम घालून दिला होता: चाळीसपैकी आठ जागा अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या. फलकावर दोन याद्या लागायच्या, एक मोठी, एक छोटी. राकेशचं नाव छोट्या यादीत होतं.

पहिल्याच प्रॅक्टिकलला शेजारच्या मुलानं त्याला विचारलं, "तू आठांतला का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावं, पण राकेशचं लक्ष हातातल्या ॲसिडवरून उडालं. बाहीवरचं पहिलं भोक तेव्हाचं. संध्याकाळी त्यानं बाकीचे सात शोधून काढले. मेसच्या एका टेबलावर ते आठजण बसले आणि मग तीन वर्षं तिथंच बसत राहिले. ज्याला जे समजलं ते तो बाकीच्यांना सांगायचा. राकेश पहिल्या चाचणीत नापास झाला तेव्हा त्याच टेबलावरच्या मुलांनी त्याला पंधरा दिवस सोडलं नाही. तिसऱ्या वर्षी, ज्यानं "आठांतला का" विचारलं होतं, तोच मुलगा वही घेऊन राकेशच्या खोलीत यायला लागला. दोघं आजही एकमेकांना फोन करतात, असं ऐकतो.

जाताना राकेशनं मला धुऊन, घडी करून एका नव्या मुलीच्या हातात ठेवलं. ती तळेगावची सरिता. घरून आणलेली पत्र्याची पेटी उघडतानाही ती घाबरत होती.

"घे," राकेश म्हणाला. "भोकं तशीच हायेत, पण चालते. तुह्यं झालं का पुढच्याले देजो."

सरितानं ते मनावर घेतलं. तिच्यानंतर मेघा आली, मग आणखी दोघंजण, शेवटी ताराचंद. 'आठांतला' या शब्दाचा काटा प्रत्येकाला टोचला. मी त्यांच्या अंगावर असायचो, मला ठाऊक आहे. पण तोच शब्द उच्चारून ते एकमेकांना हाकही मारायचे.

सरिता शिकून त्याच संस्थेत प्राध्यापिका झाली. सिंदी मेघेला घर केलं. एका दुपारी ताराचंद तिच्या केबिनमध्ये आला. त्याचं शेवटचं वर्ष संपलं होतं. त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हा तुमच्याजवळच ठेवा. खाली द्याले आता आठांतलं कोणी येणार नाई."

त्या वर्षी नियम बदलला होता. नव्या संचालकांनी छोटी यादी बंद केली. आता एकच यादी: लेखी परीक्षा, मुलाखत आणि मुलाखतीआधी द्यायचं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान. संचालक सर दुष्ट नव्हते. मी केबिनच्या खुंटीला लटकलो होतो, त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे. ते सरिताला म्हणाले, "मॅडम, या मुलांच्या कपाळावरचा शिक्का मला पुसायचा आहे. प्रत्येकानं आपल्या नावानं यावं. दार तर सगळ्यांना उघडंच आहे."

पहिल्या वर्षी छोट्या यादीतली असती अशी तीन मुलं आली. दुसऱ्या वर्षी एक आला, तो दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला तो परतलाच नाही. तिसऱ्या वर्षी एकही नाही. नवी चाळीस मुलं हुशार होती, गोड होती, सरिताचं त्यांच्यावर प्रेम होतं. बहुतेक मोठ्या शहरांत दोन-दोन वर्षं क्लास लावून आलेली. एकदा ती त्यांना पाण्याचे नमुने घ्यायला जवळच्या गावात घेऊन गेली. हातपंपावरच्या बायकांनी विचारलं, "काऊन आले बाप्पा, कायचं पाणी नेऊन राह्यले?" चाळीसांतल्या एकालाही ती बोली कळली नाही; मुलं बाटल्या हातात धरून एकमेकांकडे बघत राहिली.

सरितानं हे संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पण आपण नाही कोणाला म्हटलं?"

"कोणालाच नाही सर," ती म्हणाली. "कोणी विचारायलाच आलं नाही."

पुढच्या रविवारी तिनं मला खुंटीवरून काढून पिशवीत घातलं आणि तळेगावला, आपल्या जुन्या शाळेत नेलं. बारावीच्या मुलांसाठी तिनं रविवारचा वर्ग सुरू केला. शाळेत प्रयोगाचं सामान होतं, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. सरितानं घरून काचेच्या नळ्या आणल्या.

त्या वर्गात अंकिता होती. तिची आई छाया शाळेत लहान मुलांची खिचडी शिजवायची. अंकिताचा हात असा स्थिर की सरितानं पहिल्याच दिवशी मला तिच्या अंगावर चढवलं.

"तू आमच्या संस्थेचा अर्ज भर," सरिता म्हणाली.

"तिथं आता आपले पोरं घेत नाईत म्हणते, मॅडम."

"घेत नाईत असं नाई. तू भर तं खरं."

अंकितानं सहा महिने अभ्यास केला. लेखी परीक्षा बरी गेली. राहिलं ते एक पान. सरिता तिच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "घरचं लिही. वस्तीचं लिही. तुह्या आजोबाले काय काय सोसा लागलं ते लिही. वाचणाऱ्याले कळलं पाहिजे तू कुठून आली."

अंकिता बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली. मग म्हणाली, "मॅडम, रडून सीट घेऊ का?"

सरिताला ते लागलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ती उठून खिडकीशी गेली. छाया दारात उभी होती. ती पोरीला रागावली, "मॅडमले असं बोलते का?"

"राहू द्या वहिनी," सरिता म्हणाली. "खरं बोलली ते. तुले काय लिवावं वाटते, अंकिता?"

"खिचडीचं."

आणि तिनं खिचडीचंच लिहिलं. शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही, म्हणून तिची आई दूरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणते. अंकितानं गावातल्या सात ठिकाणचं पाणी आणायचं ठरवलं, प्रत्येकात सारखंच साबणाचं पाणी थेंबाथेंबानं टाकायचं, फेस किती होतो ते मोजायचं, आणि त्याच पाण्यात डाळ किती वेळात शिजते तेही. पाणी जेवढं जड, म्हणजे फेस जेवढा कमी, तेवढी डाळ हटवादी. तक्ता सुरेख झाला होता. फक्त सातव्या ओळीपुढं लिहिलं होतं, "नमुना मिळाला नाही."

"सातव्याचं काय?" सरितानं विचारलं.

"ते वेगळी विहीर हाये. तिच्या मालकानं पाणी नाई घेऊ देल्लं."

"काऊन?"

अंकितानं तक्त्याची घडी घालायला घेतली. काही विहिरींवर आपल्या वस्तीला मनाई असते, हे सरिताला नवं नव्हतं. ती म्हणाली, "हे लिही नं मंग."

"ते रसायनशास्त्र नाई, मॅडम."

मुलाखतीच्या आधीच सरितानं लिहून दिलं होतं की ही माझी विद्यार्थिनी आहे, मी समितीत बसणार नाही. अंकितानं धीर म्हणून मला बॅगेत ठेवलं होतं. बॅग मांडीवर होती, त्यामुळं मी सगळं ऐकलं. समोर तिघं होते. प्रश्न इंग्रजीत आले. ती अडखळली, मग मराठीत उत्तर देऊ का म्हणून तिनं विचारलं. दिलं उत्तर, नीट दिलं. शेवटी संचालकांनी ते पान उचललं.

"सातवा नमुना का नाही?"

"विहिरीच्या मालकांनी घेऊ दिला नाही, सर."

"का बरं?"

अंकितानं बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "ते त्यांना विचारावं लागेल, सर. माझ्याकडं नमुना नाही, एवढंच मला लिहिता येतं."

संचालकांनी पान खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

यादी लागली. अंकिता बेचाळिसावी होती. चाळीस जागा, म्हणजे दोघं गळाले तर. जून गेला, जुलै गेला. कोणी गळालं नाही. तोवर नागपूरच्या सरकारी कॉलेजात राखीव जागेवर तिला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. छायानं शेजाऱ्यांकडून पिशवी मागून तिचे कपडे भरले. सरिता बसस्टँडवर सोडायला आली आणि मला तिच्या हातात देताना नुसती म्हणाली, "नेजो."

ऑगस्टच्या मध्यात सरिताचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. संस्थेतली दोन मुलं दुसरीकडे गेली होती, अंकिताचा नंबर लागला होता. अंकिता तेव्हा प्रयोगशाळेबाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती, मला मांडीवर घेऊन. तिच्या दोन्ही बाजूंना मैत्रिणी होत्या, एक चंद्रपूरची, एक भंडाऱ्याची. डबा उघडून बसल्या होत्या.

"दोन दिवसांत ये, अंकिता. कागदं मी पाहून घेतो."

"मॅडम, तिथं माह्यासारखे किती हायेत यंदा?"

"तू आधी ये तं खरं."

"सांगा नं."

"तू एक राहशील," सरिता म्हणाली. "पण मी हावो नं तिथं."

"तुम्ही शिकवाले राहान, मॅडम. माह्या बाजूले कोण बसन?" अंकितानं माझ्या बाहीनं डोळे पुसले. "इथं माह्या वर्गात अकरा जणी हायेत वस्तीतल्या. परवा मले एक गणित नाई सुटलं तं रात्री चौघी बसल्या माह्यासोबत. तिथं नाई सुटलं तं मी कोणाले विचारीन? विचारलं तं म्हनतीन, घेतलीच काऊन हिले."

सरिता पुष्कळ समजावू शकली असती. संस्थेचं नाव मोठं, पुढची दारं मोठी, हे अंकितालाही कळत होतं. तिला ती जागा नको होती, असं नव्हतं. म्हणूनच ती रडत होती. पण सरिता स्वतः एकेकाळी आठजणांच्या टेबलावर जेवलेली होती. शेवटी ती म्हणाली, "बरं. चांगली शीक." आणि फोन ठेवताना तिचाही आवाज ओला होता.

ती जागा त्रेचाळिसाव्या मुलाला गेली. दिवाळीत अंकिता घरी आली तेव्हा सरितानं तिला पुढचं सांगितलं. संचालकांनी सरिताला बोलावून विचारलं होतं, "जागा दिली तरी आली नाही? का?" सरितानं उत्तर दिलं, "सर, तुम्ही तिला जागा दिली, पण सोबत दिली नाही." संचालकांनी मग बापूरावांच्या वेळची जुनी फाईल कपाटातून मागवली आणि दोन रविवार स्वतः तळेगावच्या वर्गाला येऊन मागच्या बाकावर बसले. नियम अजून बदललेला नाही. बदलेल की नाही, मला ठाऊक नाही. ट्रस्टची बैठक व्हायची आहे म्हणतात.

मी आता नागपुरात आहे. इथल्या नळाच्या पाण्यानं आणखी पिवळा पडतोय. कॉलर विरलीय, अजून दोन-तीन वर्षं निघतील. चंद्रपूरची मैत्रीण कधी आपला ॲप्रन विसरून आली तर तीही मला घालते. अंकिताला अजून कधीकधी वाटतं की आपण चुकलो. ती तसं मैत्रिणींना बोलून दाखवते, आणि त्या तिला खोटा दिलासा देत नाहीत.

मी कापड आहे. कोणाला गुण किती द्यावेत, याद्या किती लावाव्यात, हे मला कळत नाही. पण ज्यांच्या अंगावर मी होतो त्यांच्या छातीची धडधड मी ऐकली आहे, एकट्याची आणि चौघांत बसलेल्याचीही. तेवढ्यावरून सांगतो. मोठ्या दारांच्या आत बसलेल्यांनो, एखाद्या पोरीला आत बोलवाल, तर तिच्या शेजारच्या खुर्चीचाही विचार करा.

बरं, निघतो. प्रॅक्टिकलची घंटा झाली, आणि अंकितानं हात माझ्या बाहीत घातला आहे.