बिब्ब्याची तारीख

मंजुळानं स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावण्याआधी दाराकडे एकदा पाहून घेतलं. जिन्यात अजून मॅडमच्या चपला वाजल्या नव्हत्या.

काचेवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता: चारशे बारा. मेणाच्या ठोकळ्यातून हा पातळ काप तिनंच काढला होता, तिनंच रंगवला होता. डोंबिवलीच्या या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये सहा वर्षं ती हेच करत आली होती. कापायचं, रंगवायचं, वाळवायचं आणि ट्रे मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. वाचायचं काम मॅडमचं. तिनं कधी मधे डोकं घातलं नव्हतं. पण चारशे बारा म्हणजे तिच्या आईच्या उजव्या हातावरची गाठ होती.

गुलाबी आणि जांभळ्या पसाऱ्यात आधी तिला काहीच कळेना. मग रक्तवाहिन्या दिसायला लागल्या. एरवी जिथं दोन-तीन असायच्या, तिथं पंधरा-वीस होत्या. काही फुगलेल्या, काही चिमटलेल्या.

"काय दिसतंय?"

मंजुळा दचकली. डॉ. मंदाकिनी खांबेटे दारात उभ्या होत्या. चपला हातात होत्या, जिना नुकताच धुतला होता.

"सॉरी मॅडम, मी नुसतं..."

"बस, उठू नकोस." मॅडमनी दुसरं स्टूल ओढून घेतलं. "आईची ना? बघच तू. पण आधी ही बघ."

त्यांनी कपाटातून एक जुनी स्लाइड काढून लावली. "हा निरोगी माणसाचा हात आहे. वाहिनीच्या आतलं अस्तर शोध. त्या पेशी कशा आहेत?"

"चपट्या. एकीला एक लागून." मंजुळानं स्क्रू जरा फिरवला. "माशाच्या खवल्यांसारख्या."

"छान. मधे फट नाही, म्हणून रक्त आतच राहतं. बाहेरून आधार देणाऱ्या पेशीही घट्ट धरून आहेत. आता ही बघ. ही एका पेशंटची, नक्की कॅन्सरची." मॅडमनी स्क्रू फिरवून दिला. "गाठीला वाढायची घाई असते. वाढायला रक्त लागतं, म्हणून ती आसपासच्या वाहिन्यांना फांद्या फोडायला लावते. पण एक फांदी नीट बांधून होण्याआधीच पुढची फुटते. इथं पेशी फुगल्यात. इथं एकीवर एक चढल्यात. इथं फट राहिलीय, तिच्यातून रक्त बाहेर आलंय. आणि ही वाहिनी बघ, कुठंच पोचत नाही."

मंजुळानं बघितलं. मग न विचारताच तिनं चारशे बारा परत लावली.

"यातही पेशी फुगल्यात, मॅडम."

"हो."

"फटी पण आहेत."

"आहेत." "पण जखम भरते ना, तेव्हाही असंच दिसतं. कोवळ्या वाहिन्या, फुगीर पेशी, फटी. फरक एवढाच, की जखमेतल्या वाहिन्या एका दिशेनं वर कातडीकडे येतात आणि काम झालं की विरून जातात. हा तुकडा लहान आहे. यात दिशा धड कळत नाही. म्हणून तर तुला ठोकळा पुन्हा खोल कापायला लावला. बाकीच्या पेशीही अशाच, जखम किंवा कॅन्सर, दोन्हीकडे जातील अशा."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मॅडमनी सर्जनचा कागद पुढं ओढला.

"तुकडा काढायच्या आधी आठ-दहा दिवसांत हाताला काही लागलं होतं? भाजलं होतं? कुणी काही लावलं होतं?"

"सर्जननी विचारलं तेव्हा आई नाही म्हणाली. मी बाहेर बाकावर होते."

"त्यांच्या कागदावर कातडीबद्दल एक शब्द नाही. रांग असते त्यांच्याकडे, राहून गेलं असेल. काही लावलं असेल तर मी याला भरणारी जखम म्हणेन. थांबा म्हणेन, दोन महिन्यांनी पुन्हा तुकडा घेऊ."

"आणि नसेल लावलं?"

मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. "सर्जन कोपराच्या वरून हात काढायचं म्हणतायत. उद्या सकाळी त्यांना माझं उत्तर हवंय. तू आज लवकर निघ. नीट विचारून ये, तारखेसकट."

ठाणे स्टेशनवर उतरताना मंजुळाला तो काळा डाग आठवला. गेल्या रविवारी आई भांडी घासत होती, बाही वर सरकली होती आणि गाठीवर काहीतरी काळं दिसलं होतं. चिकटपट्टीचा मळ असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

बिब्बा!

तिची पावलं आपोआप भरभर पडायला लागली. पायात काटा मोडो की मान आखडो, शेजारची आवडाबाई बिब्ब्याला सुई टोचून, दिव्यावर धरून त्याचं तेल लावायची. लॅबमध्ये लागल्यापासून मंजुळा त्यावरून भांडत आली होती. कातडं जळतं, जखम होते. किती वेळा सांगितलं असेल. आईनं आपलं ऐकलेलं नसू दे, असं बसमध्ये माजिवड्यापर्यंत ती मनात घोकत होती.

तिची आई शेवंती ओट्यावर कालवं फोडत बसली होती. समोर आवडाबाई पाय पसरून पान लावत होती.

"आली गो बाय डाक्तरीन!" आवडाबाई ओरडली. "आज बुधवार ना? हाकलली काय लॅबमदून?"

शेवंतीनं पटकन बाही खाली ओढली.

"आये, बिब्बा लावलास हाताला?"

"नाय."

"आवडाकाकी?"

आवडाबाईनं खाडीकडे तोंड फिरवलं. "मना काय इचारतेस? मी काय घरोघर बिब्बं वाटीत फिरते?"

"मी ओरडणार नाही."

"तू नेमी असाच बोलतेस, आन मंग ओरडतेस," शेवंती म्हणाली.

"शप्पथ घेते. नाही ओरडणार."

शेवंतीनं हातातलं कालव फोडलं, आतलं मांस वाटीत टाकलं, शिंपलं बाजूला फेकलं. "जरासा लावला. आवडी बोलली, गाठ बसल."

मंजुळा मटकन पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी आलं तरी तिला हसू आवरेना. "चांगलं केलंस," ती म्हणाली. "लय चांगलं केलंस, आये."

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"बग!" आवडाबाईनं मांडीवर थाप मारली. "शिकल्याली पोर पास करते माजा बिब्बा. इतकी वर्सं हिच्या शिव्या खाल्ल्या मी."

मंजुळानं पर्समधून कागद-पेन्सिल काढली. "आता फक्त तारीख सांग. कधी लावलास?"

"भांगाला."

अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर मरतो, जाळी हलकी येतात, ते भांगाचे दिवस. पुनवेला आणि अवसेला उधाण. या घरात आजारपणं, लग्नं, भांडणं सगळी त्या पाण्यावर लक्षात राहायची. भिंतीवर सत्त्याऐंशीचं कॅलेंडर होतं, पण ते मंजुळानंच आणून टांगलं होतं. तुकडा काढला तो माघी पुनवेच्या आदल्या दिवशी. तेव्हाही शेवंती भांडली होती: उधानाला जाळी भरून म्हावरा येते, आन तू मना हात कापाला नेतेस?

मंजुळानं बोटांवर मोजलं. पुनवेआधीचा भांग म्हणजे तुकडा काढायच्या सहा दिवस आधी. नंतरचा म्हणजे टाके निघाल्यावर; मग स्लाइडवर दिसलं ते बिब्ब्यामुळं नाही.

"कुठल्या भांगाला? पुनवेच्या आधीच्या की नंतरच्या?"

शेवंतीचा हात थांबला. तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, कागदावर टेकलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं.

"तुना कंचा पायजेल?"

"मला पाहिजे तो नको. खरा सांग."

"दोनी भांगच. पानी दोनी बारीला सारकाच मरते. तुना पायजेल तो लिव."

आवडाबाई काही बोलणार होती. शेवंतीनं तिच्याकडे रोखून पाहिलं, तशी ती पान चघळायला लागली.

मंजुळानं पेन्सिल खाली ठेवली. आईचा हात मांडीवर घेतला आणि बाही वर सारली. रुपयाएवढी काळी खपली होती. स्लाइड बघतात तशी ती एका कडेपासून बघत गेली. सर्जनच्या चिरेची रेघ सरळ होती, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा होत्या. बिब्बा आधी लागला असता, तर सुरी त्या काळ्यातून गेली असती आणि काळं दुभंगलं असतं. ते कुठंच दुभंगलं नव्हतं. चिरेवरून सलग पसरलं होतं. टाक्यांच्या बारीक भोकांतसुद्धा उतरलं होतं.

तिनं हात उजेडाकडे वळवला आणि पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

"काय बगतेस एवढा?"

"काही नाही." तिनं बाही सावकाश खाली ओढली, कागद गुडघ्यावर धरून एक ओळ लिहिली आणि घडी घातली.

"लिवलास?"

"हो."

"तुना पायजेल तोच ना?"

शेवंतीनं कोयती पुन्हा उचलली. टोपलीत कालवं अजून अर्धीअधिक तशीच होती. आईच्या उजव्या हातातली लोखंडी कोयती मंजुळानं काढून घेतली आणि डाव्या हातात दिली.

"एक डाव्या हातानं फोडून दाखव."

"येडी झालीस काय गो?"

"दाखव तर."

शेवंती हसली. तिनं कालव दगडावर ठेवलं, कोयती उचलली आणि मारली. घाव शिंपल्याच्या बाजूला, दगडावर बसला. आवडाबाई तोंडातलं पान सांभाळत खो-खो हसायला लागली.

मंजुळानं घरंगळलेलं कालव उचलून परत दगडावर ठेवलं.

"पुन्हा," ती म्हणाली.