डावीकडे मलय, उजवीकडे पोलिश

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि माझ्यासमोर बसणाऱ्यांबद्दल माझे मत कधीच फारसे चांगले नव्हते. तुम्हीही त्यांच्यातलेच असाल. तरी ऐका.

जऊळक्याच्या एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले आणि गावच्या शाळेत टांगले. दर जूनमध्ये मुले कोळसा आणि पाला वाटून मला काळेभोर करीत. तपासणीला येणारे साहेब म्हणत, "फळा मात्र छान ठेवलाय हो." माझ्यावर लिहिलेल्या मजकुराचे कौतुक कोणी कधी केले नाही, आणि तो त्या लायकीचा नसेच. पुढे शाळेत भिंतीएवढा टीव्ही आला आणि माझी रवानगी व्हरांड्यात, तांदळाच्या पोत्यांमागे झाली. तिथून मला धनराज सरांनी उचलले.

हे धनराज सर वाशीमच्या बसस्थानकामागे परदेशी भाषांचा वर्ग चालवतात. परदेश त्यांनी पाहिलेला नाही. दोन्ही भाषा मोबाइलवर शिकलेले, तेही अर्ध्याच. उथळ पाण्याला खळखळाट फार! त्यांनी माझ्या मधोमध पांढरी रेघ ओढली, डावीकडे मलय लिहिले, उजवीकडे पोलिश, आणि पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, "मलय म्हंजे पानी पेनं. पोलिश म्हंजे लोखंडाचे चने."

झाले! जवळजवळ सगळा वर्ग डावीकडे सरकला. मलय भाषेत क्रियापद काल, आज, उद्या सारखेच राहते; काळ सांगायला वेगळा शब्द जोडला की भागते. लिंगभेद नाही, विभक्ती नाही. 'बुकू' म्हणजे पुस्तक, 'बुकू-बुकू' म्हणजे पुस्तके. त्यात गुरूला 'गुरू', नावाला 'नामा', नवऱ्याला 'सुआमी'. आपलेच शब्द समुद्रापार जाऊन स्थायिक झालेले. आळशांना आणखी काय हवे?

उजवीकडे तीन लिंगे आणि सात विभक्त्या. 'मी होतो' म्हणताना पुरुषाने 'बिवेम' म्हणायचे, बाईने 'बिवाम'. हे पाहून मुलांचे चेहरे उतरले. दिवसभर 'म्या, मले, माह्यावर' करणारी आणि दगडाधोंड्यालाही लिंग लावणारी ही माणसे विभक्तीला घाबरतात, म्हणजे कमाल आहे. भावाला 'ब्रात', दोनाला 'द्वा'. आपल्या संस्कृतशी या भाषेचे दूरचे नाते आहे. पण वाचतो कोण?

वर्गात धनजचे एक शेतकरी जोडपे येई, ऋषिकेश आणि वैजयंती. लग्न झाल्यापासून दोघांना परदेशात जायचे होते, आणि जायचे तर बरोबरच. ऋषिकेशने मलय धरली, वैजयंतीने पोलिश. ठरले असे, की परदेशी कामाच्या मुलाखतीत जो पास होईल त्याच्या भाषेच्या देशात दोघांनी जायचे, आणि दुसऱ्याने ती भाषा शिकायची. वैजयंतीने हा शब्द मनावर घेतला होता. ऋषिकेशने नाही.

"जिले काळ नाई, लिंग नाई, तिले शिकाचं काय?" असे म्हणून तो मागच्या बाकावर पाय पसरून बसे. माझ्या उजव्या बाजूकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. "थे जीभ मोडाची भाषा तुले येनार हाय का?" असे बायकोला सगळ्यांसमोर विचारी. ती मान खाली घालून लिहीत राही.

तिची खरी अडचण वेगळीच होती. 'माझ्या नवऱ्याचे नाव अमुक' या वाक्यापाशी ती रोज अडे. सोजरबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, यांच्या घरात बाई नवऱ्याचे नाव घेते ते फक्त उखाण्यात. सर हसत, वर्ग हसे. त्या हसण्यात ऋषिकेशचाही आवाज असे, याचा मला संताप येई.

मुलाखती मोबाइलवर, माझ्यासमोरच झाल्या. सोजरबाईही खुर्ची ओढून बसल्या होत्या. आधी ऋषिकेश. त्याला काम म्हणजे 'केर्जा' एवढे पाठ होते. पण मलय भाषा त्याच शब्दाला पुढे-मागे जोड लावून 'बेकेर्जा', 'पेकेर्जाआन' करते, आणि ते शिकायला तो जागा नव्हता. पलीकडच्या साहेबांनी त्याचा 'पेकेर्जाआन' काय, म्हणजे धंदा काय, असे विचारले. हा नंदीबैलासारखा मान हलवत राहिला. साहेबांनी फोन ठेवला. सोपी भाषा म्हणे!

आता सगळे वैजयंतीवर होते. काम सफरचंदे खोक्यात भरण्याचे. पोलंडच्या बाईंचे प्रश्न संपत आले, तिची उत्तरेही बरी आली, आणि शेवटी त्यांनी विचारले, नवऱ्याचे नाव काय?

नेमके तेच वाक्य! बाईंनी पुन्हा विचारले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. हिचे लग्न खरेच झाले आहे की नाही, अशी शंका त्यांना आली असावी. वैजयंतीने एकदा सासूकडे पाहिले, पदर सावरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"व् दोमू मामा, व् दोमू ब्रात,
ऋषिकेश तो त्सावी मुय श्फ्यात."

पोलिशमध्ये उखाणा! बाई आधी चकित झाल्या, मग मनापासून हसल्या आणि तिला निवडले.

सोजरबाई समाधानाने म्हणाल्या, "काय बोलली थे समजलं नाई, पन नाव उखान्यातच घेतलं."

ऋषिकेशला फक्त स्वतःचे नाव कळले होते. त्याने सरांना विचारले. सर मोबाइल चाळू लागले, म्हणजे त्यांनाही कळले नव्हते. शेवटी तो बायकोजवळ गेला.

"काय म्हनली तू?"

"तिकडच्या बाजूले बसा. मंग समजन."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या उजवीकडे बसला. एकेक शब्द शोधत त्याने ती ओळ जुळवली. घरात आई, घरात भाऊ, ऋषिकेश म्हणजे माझे सगळे जग. मग तो मान खाली घालून ती वहीत उतरवू लागला. मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, मला पुसताना थुंकी लावू नका, एवढी तरी लाज बाळगा. आणि एखादी भाषा सोपी म्हणून हिणवू नका, अवघड म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नका. तुमच्याबद्दलही कोणीतरी तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत असेच गोड काही बोलून गेले असेल, आणि तुम्ही हसत बसला असाल.