गिऱ्हाइकांचा आवाज

"मला पुरतं झोपवा," हिसाएबाई नुसत्या श्वासाने म्हणाल्या. घशातली एक स्वरपट्टी लुळी पडली, तेव्हापासून वर्षभर त्यांचं बोलणं एवढंच उरलं होतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर निशिओका खाटेवरच टेकल्या. पुरती भूल त्यांनाही सोयीची होती. पण लुळी पट्टी किती सरकवायची, हे पेशंटला बोलायला लावूनच ठरतं. झोपेत कोण बोलणार? "गळाच बधिर करते, जोडीला जराशी गुंगी. हात धरून बसेन तुमचा."

हिसाएबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर दोघं चाळीस वर्षं चालवत होती. बाई पुढे गल्ल्यावर, नवरा शिगेओ मागे बंबापाशी आणि मध्ये भिंत. संसार झाला तो भिंतीआडूनच.

"हिची हाक आली नाही की बंबाशी करमत नाही," शिगेओ मान खाली घालून म्हणाला. "पण घाबरत असेल तर झोपवा. मी घेईन चालवून."

"जागी राहते," हिसाएबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर्जन हामादांनी बधिर गळ्यात पट्टी सरकवली. निशिओकांनी गुंगीचं औषध थांबवलं. "बोला आता."

"आपल्याला फार तसदी देतेय," हिसाएबाई म्हणाल्या. आवाज कसा उंच, नाजूक, स्वच्छ.

"वा. टाके घालू," हामादा म्हणाले. त्यांना घाई फार.

निशिओकांना मात्र आई आठवली. फोन उचलला की ती अशीच बोलायची आणि ठेवला की घरातल्यांवर खेकसायची. चारचौघांतला आवाज वेगळा ठेवायची रीतच आहे इथे. त्यांनी हामादांना थांबवलं आणि बाहेर बसलेल्या शिगेओला फोन लावून तो आवाज ऐकवला.

"हा गिऱ्हाइकांचा," तो म्हणाला. "माझा नव्हे."

निशिओकांनी फोन हिसाएबाईंच्या कानाशी धरला. "पाणी कोमट झालंय समजा. हाक मारा."

डॉक्टरांसमोर नवऱ्यावर ओरडायचं म्हणजे बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी हाक मारली. ती मध्येच फाटली, नुसती हवा. हामादांनी मुकाट्याने पट्टी केसभर आणखी सरकवली.

"अहो, पाणी गार पडलंय. डोळा लागला का तिकडे?" जाड, खणखणीत, थोडा चिडका आवाज खोलीभर घुमला.

हिसाएबाईंनी निशिओकांचा हात घट्ट दाबला.

"घालतो गं लाकडं," फोनमधून शिगेओ म्हणाला.