मालकीणबाईंची सही

मी एका जुन्या पांढऱ्या गाडीचे चाक आहे. मित्रांनो, चाक म्हटले की तुम्हाला काळा टायर आठवेल. तो मी नव्हे. टायर येतात, झिजतात आणि बदलले जातात. टायरच्या आत दहा आऱ्यांची रुपेरी चकती असते, ती मी. लोक मला अलॉय व्हील म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये आणखी काही धातू मिसळून मला ओतले, म्हणून मी वजनाला हलका आहे. डोक्यानेही जरा हलकाच असेन, कारण माझ्या आयुष्यात जे घडले त्यातले बरेचसे मला अजून उमगलेले नाही.

साच्यातून निघालो तेव्हा मी ओबडधोबड होतो. मला मशीनवर कातले, रंग दिला आणि वर पारदर्शक लॅकरचा पातळ थर चढवला. कारखान्यातल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी मला गरकन फिरवले आणि त्या म्हणाल्या, "हे लॅकर शाबूत आहे तोवर ह्याला काही होत नाही." मला वाटले, केसाएवढ्या थराचे एवढे काय कौतुक!

मग आम्ही चार भावंडे एका गाडीला लागलो. मालक फरशी बसवायचे काम करत. मालकीणबाई वाचनालयात नोकरीला होत्या. मला पुढे डावीकडे बसवले होते.

गाडी घरी आल्यावर महिन्याभरात मालकीणबाई चालवायला शिकल्या. वाचनालयासमोर गाडी लावताना मी फुटपाथच्या कडेला जोरात घासलो.

"अगं, डावीकडे बघ! डावीकडे!" मालक ओरडले.

"बघतेच आहे! तुम्ही ओरडलात म्हणून लागली."

"मी ओरडायच्या आधीच लागली."

खरे सांगायचे तर दोन्ही एकदमच झाले. मालक खाली उतरून माझ्यापुढे उकिडवे बसले. माझ्या कडेवर वीतभर ओरखडा होता आणि शेवटी तो सहीच्या फराट्यासारखा, लहानशा आकड्यासारखा वळला होता.

"फरशीवर असा चरा पाडला असता तर गिऱ्हाइकाने मला हाकलून दिलं असतं."

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले. "ही माझी सही. आता गाडी माझ्याही नावावर झाली. पुसायची नाही हं."

"बरं बाई, राहिली."

पुढे दर रविवारी मालकीणबाई आम्हा चौघांना साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवायच्या. माझ्या ओरखड्यावर त्या आपल्या नखांना लावायच्या बाटलीतला पारदर्शक रंग लावायच्या आणि त्यावर फुंकर घालायच्या. मालक हसायचे. "आता त्याला बांगड्याही भर!" पण त्या रंगामुळे ओरखड्यात पाणी शिरत नसे. त्यांना हे ठाऊक होते की नुसतीच हौस होती, कोण जाणे.

गाडीची सर्व्हिसिंग मालकीणबाईच करून आणत. तिथे टायर सारखे झिजावेत म्हणून चाकांच्या जागा बदलत. असा मी एकदा मागे गेलो आणि माझे एक भावंड पुढे डावीकडे आले. मालकांना हे कधी कळले नाही. ते खाते त्यांचे नव्हतेच.

त्यानंतर मला समजेनासे होऊ लागले. एका दुपारी मालकीणबाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या आणि मालकांनी गाडी अशी पळवली, की तशी पूर्वी कधी पळवली नव्हती. रुग्णालयाच्या दारात पुढचे डावे चाक उंच कडेवर आदळून घासत गेले. माझे भावंड कळवळले. मालकांनी खाली पाहिलेसुद्धा नाही. दार उघडे टाकून ते आत धावले.

मग कितीतरी दिवस घर ते रुग्णालय आणि रुग्णालय ते घर. एक दिवस मालक एकटेच आले. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. मला वाटले, मालकीणबाई येताहेत, त्यांची वाट पाहतोय. पुढचे अनेक रविवार मी तसेच समजत होतो.

मग एका रविवारी बादली घेऊन मालक आले. मला आनंद झाला. पण बादलीतल्या पाण्याला साबणाचा वास नव्हता. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायचे ॲसिड त्यांनी पाण्यात घातले होते. त्यांच्या धंद्यात स्वच्छ म्हणजे ॲसिडने स्वच्छ. तारेच्या ब्रशने त्यांनी आम्हाला जीव तोडून घासले. मधूनच म्हणाले, "बघ, चकाचक केली की नाही?" कुणाला म्हणाले, ते मला कळले नाही.

आम्ही चमकलो खरे, पण चारच दिवस. मालक मात्र दर रविवारी घासत राहिले. लॅकरला पापुद्रे आले. त्याखाली बारीक किड्यांनी वाटा कोराव्यात तशा रेघा उमटल्या आणि पांढरी भुकटी सुटू लागली. गंज म्हणजे तांबडा असतो असे मी ऐकले होते. हे पांढरे काय, मला समजेना. ज्या हातांनी माया केली, त्याच हातांनी मी पोखरला गेलो, हे तर मुळीच समजेना. टायर जिथे चिकटून बसतो त्या कडेपर्यंत भुकटी गेली आणि हवा उतरू लागली. आज भरली की परवा निम्मी.

शेवटी मालक आम्हाला चाके दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी माझ्यावरून नख फिरवले.

"काका, कशाने धुता हो?"

"ॲसिडने. पातळ करून."

"अहो, ही काय संडासाची फरशी आहे? ॲल्युमिनियमला ॲसिड म्हणजे विषच."

मालकांचा चेहरा पडला. "मला वाटलं, चांगलंच करतोय."

"चूक होते माणसाची. जुना रंग उतरवतो, बारीक वाळू मारून गंज काढतो, चरे भरतो, नवा रंग भट्टीत भाजतो. नवीन करून देतो."

"करा काय ते," असे म्हणून मालक गेले. मिस्त्रींनी टायर उतरवले. कोणते चाक कुठले, हे लिहून प्रत्येकाला तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधली. माझ्या ओरखड्यापाशी ते थबकले. "नखपॉलिश? काय काय करतात लोक!" मग आम्हाला रंग उतरवायच्या द्रवात सोडले आणि वाळूचा मारा केला. सगळे उतरले. आम्ही चौघे उघडेबोडके आकड्यांना टांगलेले होतो. भावंडांकडे पाहून मला माझीच ओळख पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक धापा टाकत आले. "थांबा! एका चाकाचा ओरखडा भरू नका."

"कुठल्या?"

"पुढच्या डाव्या."

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचून माझ्या भावंडाकडे बोट केले. त्याच्या कडेवर रुग्णालयातला ओरखडा होता. मालकांनी त्यावरून अंगठा फिरवला. डोळे मिटले. "हाच."

"ठेवायचा कशाला पण?"

"आहे कारण."

मिस्त्रींनी पुढे विचारले नाही. "बरं. नुसती त्याची धार बोथट करतो आणि वरून लॅकर नीट बसवतो. पुन्हा गंज धरणार नाही. ह्या मागच्यालाही आहे बघा एक, आकडा असलेला." त्यांनी मला मालकांसमोर धरले.

मालकांची नजर माझ्यावर आली. मित्रांनो, मला तोंड असते तर! तेवढ्यात ते म्हणाले, "तो कुठेतरी लागला असेल. भरून टाका."

आणि भरला. ओरखड्यात धातू ओतून घासून सारखा केला. रंग चढला, भट्टीत भाजलो, नवे लॅकर आले. मी इतका सुंदर कधीच दिसलो नव्हतो आणि इतका गोंधळलेलाही नव्हतो.

आता मालक रविवारी साबणाचे पाणी आणतात. सोबत तो दातांचा ब्रश आणि ती नखांची बाटली असते. माझ्या भावंडाच्या ओरखड्यावर ते रंग लावतात, फुंकर घालतात आणि म्हणतात, "तुझी सही शाबूत आहे गं."

ती सही त्यांची स्वतःची आहे. बाईंना वेळेवर पोचवायला निघालेल्या माणसाची. आधी वाटायचे, ओरडून सांगावे की चुकताय मालक, बाईंची सही माझ्यावर होती, मी इथे मागे आहे. आता वाटते, चुकले तरी काय? मला नक्की सांगता येत नाही.

मित्रांनो, चाके साध्या साबणाने धुवा. माया असली तरी कशाने काय पोखरते, ते आधी विचारून घ्या. आणि घरात कुणी "हे पुसायचे नाही" म्हणाले, तर ते कुठे आहे, हे त्या माणसासोबतच एकदा नीट पाहून ठेवा.

मालक शेवटी मला धुतात. माझ्या कडेवर काहीच नाही. तरी त्यांचा हात तिथे क्षणभर थांबतो. का थांबतो, त्यांना ठाऊक नाही.